पाचपर्यंत मोजा, मग बोला: लहानग्याला बोलतं करण्याची घरची वाट

माझी धाकटी दोन वर्षांची झाली तेव्हा तिच्याजवळ मोजून सहा शब्द होते. आई, आबा, मम्म, भू, न्हाई आणि म्हशीसाठी ‘म्ह’. शेवटचा शब्द आमच्या कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरचा. आबा, म्हणजे माझे सासरे, रोज संध्याकाळी तिला खांद्यावर घेऊन तिथं जायचे, समोर धार काढलेलं दूध प्यायचे आणि ती म्हशींकडं बघत बसायची.

शिवाजी पेठेतलं आमचं घर माणसांनी भरलेलं. सासू-सासरे, दीर-जाऊ, आम्ही दोघं, थोरली मुलगी. सकाळपासून रात्रीपर्यंत कुणी ना कुणी तिच्याशी बोलतच असायचं. त्यामुळं ‘घरात बोलायला माणूस नाही म्हणून पोर बोलत नाही’ हे आम्हाला लागू नव्हतं. स्पीच थेरपिस्टकडं गेलो तेव्हा त्यांनी मला तिच्याशी दहा मिनिटं खेळायला सांगितलं आणि त्या नुसत्या बघत बसल्या. नंतर म्हणाल्या, “तुम्ही तिला इतके प्रश्न विचारलेत आणि जवळजवळ सगळ्यांची उत्तरं तुम्हीच दिलीत. तिची पाळी आलीच नाही.”

ते मला लागलं, कारण खरं होतं. शब्द कानावर पडणं गरजेचं आहेच. पण आपलं बोलणं थांबतं आणि समोरचं माणूस आपल्या तोंडाकडं बघत वाट पाहतं, तेव्हाच मुलाला बोलायला जागा मिळते. पुढं जे लिहिलंय ते दीड ते तीन वर्षांच्या मुलांच्या घरांसाठी आहे. मी डॉक्टर नाही. तज्ज्ञांकडून शिकले आणि वर्षभर घरात रोज केलं, ते ज्या क्रमानं करायला हवं होतं त्या क्रमानं सांगते.

पहिली पायरी: कान

बोलण्याचा विचार करण्याआधी कान तपासून घ्या. आम्ही हे सगळ्यात शेवटी केलं, म्हणून मी सगळ्यात वर लिहितेय. जन्मल्यावर झालेल्या तपासणीत तिचे कान ठीक निघाले होते. कुकरची शिट्टी झाली की दचकायची, दारात रिक्षा थांबली की पळायची. मग कानाचं काय बघायचं, असं वाटायचं. ‘तिसऱ्या वर्षी एकदम बोलायला लागेल’ हे घरात ऐकलं, आणि एका दवाखान्यातही ऐकलं.

तपासणीत निघालं ते असं की कानाच्या पडद्यामागं पाणी साचलं होतं. वरचेवर सर्दी होणाऱ्या मुलांत हे नेहमी आढळतं. पुष्कळदा दुखत नाही, कान वाहत नाही, म्हणून पत्ता लागत नाही. मोठा आवाज ऐकू येतो, पण बोलणं मात्र कानात बोटं घालून ऐकल्यासारखं पोचतं. ‘स’, ‘श’, ‘त’ असे हलके आवाज त्यात बुडून जातात. तुम्ही स्वतः कानात बोटं घालून घरातलं बोलणं पाच मिनिटं ऐकून बघा. मी ऐकलं, आणि त्या दिवसापासून तिला ‘लक्षच देत नाही’ असं कधी म्हटलं नाही. बऱ्याच मुलांचं हे पाणी दोन-तीन महिन्यांत आपलं आपण ओसरतं, म्हणून डॉक्टर थोडं थांबून पुन्हा तपासतात. टिकून राहिलं तर पुढचे उपाय असतात. तिचं ओसरलं.

लहान मुलांच्या तपासण्या दुखवणाऱ्या नसतात. ओएई नावाच्या तपासणीत कानात मऊ बूच ठेवतात आणि थोड्या वेळात काम होतं. बेरा ही ऐकण्याची दुसरी तपासणी झोपेत करतात, डोक्याला तारा चिकटवून. पडद्यामागं पाणी आहे का ते टिम्पॅनोमेट्रीत कळतं. जन्मल्यावर कान ठीक होते म्हणजे आजही ठीकच आहेत, असं धरून चालू नका. ऐकू येणं नंतरही कमी होऊ शकतं.

कायमची श्रवणशक्ती कमी निघाली तर एक दिवसही वाया घालवू नका. हेअरिंग एड तान्ह्या बाळालाही बसवतात. जन्मतः कर्णबधिर असलेल्या पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना कॉक्लिअर इम्प्लांटसाठी, म्हणजे शस्त्रक्रियेनं कानात बसवायच्या ऐकण्याच्या यंत्रासाठी, केंद्र सरकारच्या एडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेतून मदत मिळते, पण वय निघून गेलं की शस्त्रक्रियेचा फायदाही कमी होत जातो.

न्हाऊ घालताना कानात कोमट तेल सोडायची पद्धत आपल्याकडं अजून आहे. ती बंद करा. आणि गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीसमोर पोरं खांद्यावर घेऊन उभी असलेली माणसं मी दरवर्षी महाद्वार रोडवर बघते, तेव्हा जीव तुटतो. एवढ्या आवाजानं कानाच्या आतल्या पेशी मेल्या तर त्या पुन्हा येत नाहीत. मुलाला गणपती घरचा दाखवा, गल्लीतला दाखवा. मिरवणूक मोठं झाल्यावर बघू दे.

दुसरी पायरी: एक वही घाला

शंभर पानी वही घ्या आणि मूल आपणहून वापरतं ते शब्द लिहा. ‘आपणहून’ महत्त्वाचं. तुमच्या मागून म्हटलेला शब्द मोजायचा नाही. उलट ‘म्ह’ हा शब्द धरायचा, कारण ती प्रत्येक वेळी म्हशीलाच म्हणते. ‘भूभू’, ‘हम्मा’, ‘भुर्र’ सगळे शब्दच. उच्चार नीट नसला तरी चालतो, फक्त आवाज आणि अर्थ यांची जोडी पक्की हवी. मूल मराठीत चार आणि कानडीत तीन शब्द बोलत असेल तर सात लिहा.

शेजारच्या पानावर खुणा लिहा. बोट दाखवतं का, टाटा करतं का, नको म्हणून मान हलवतं का, एखादी वस्तू आणून तुमच्या हातात देतं का. आणि खुणेशिवाय काय समजतं तेही लिहा. हात न दाखवता नुसतं “चप्पल आण” म्हटलं तर आणतं का?

आता अंदाजासाठी वयं. वर्षाच्या आसपास मूल नावाला वळतं, टाटा करतं, बोटानं दाखवतं आणि एखादा शब्द येतो. दीड वर्षाला आई-बाबा सोडून आणखी थोडे शब्द असतात, साधी सूचना खुणेशिवाय कळते, आणि ‘ते बघ’ म्हणून ते तुम्हाला काहीतरी दाखवतं. दोन वर्षांना दोन शब्द जोडले जातात, ‘आबा आले’, ‘दूध दे’ असे. शब्दसंख्या ५०च्या घरात जायला लागते, काहींची अडीच वर्षांपर्यंत तिथं पोचते. तीन वर्षांना परक्या माणसालाही मुलाचं बरंचसं बोलणं कळायला हवं.

ही वयं आठवडे मोजून धरायची नाहीत. पण काही गोष्टींना थांबायचं नाही. वर्ष उलटूनही नावाला वळत नाही, दीड वर्षाला बोटानं काही दाखवत नाही, नजरेला नजर देऊन हसत नाही, किंवा येत असलेले शब्द गेले, तर ताबडतोब दाखवा. शब्द जाणं ही कुठल्याही वयात धोक्याची खूण आहे. ‘मुलगा आहे, उशिरा बोलणार’, ‘त्याचे वडीलही चौथ्या वर्षी बोलले’ यातलं दुसरं खरं असेलही. उशिरा बोलणारी पुष्कळ मुलं पुढं बरोबरीला येतात. पण कोण येणार आणि कोण मागं राहणार हे आज कुणालाच सांगता येत नाही, म्हणून तपासून घ्यायचं. तपासणीत काही निघालं नाही तर तुमचा एक दिवस गेला, एवढंच.

तिसरी पायरी: खाली बसा आणि थांबा

आता घरचं काम. दिवसातून तीन-चार वेळा, दहा-दहा मिनिटं. टीव्ही बंद. मूल जमिनीवर आहे तर तुम्हीही जमिनीवर, तोंडासमोर तोंड येईल असे बसा. ते ज्याच्याशी खेळतंय त्याच्याकडं बघा. तुम्ही ठोकळे आणलेत आणि ते डब्याचं झाकण लावतंय, तर ठोकळे बाजूला ठेवा. आज झाकण हाच विषय.

मग एक छोटं वाक्य बोला. “झाकण लावलं.” आणि गप्प बसा. मनात पाचपर्यंत मोजा. चेहरा वाट बघणारा ठेवा, भुवया वर, थोडं पुढं वाकून. मुलानं आवाज काढला, बोट दाखवलं, नुसतं बघितलं तरी ती त्याची पाळी झाली. त्याला उत्तर द्या आणि पुन्हा थांबा.

पाच म्हणजे किती लांब असतात हे मला त्या दिवशी कळलं. दोनवरच जीभ सळसळायला लागते. घरातल्या सगळ्यांना हे शिकवणं तर आणखी अवघड. सासूबाईंना वाटायचं, पोरगी मागतेय आणि ही ढिम्म बसलीय. पण एकदा त्या स्वतः भाकरी थापत होत्या आणि हे आपोआप झालं. त्या म्हणत होत्या, “थाप, थाप, थाप,” आणि पीठ घ्यायला थांबल्या. मागून आवाज आला, “था.” त्यांनी वळून बघितलं. तेव्हापासून त्या रोज दोनदा थापायच्या आणि तिसऱ्याला थांबायच्या. थेरपीत अगदी हेच शिकवतात. ठरलेलं बोलणं रोज तसंच म्हणायचं आणि शेवटचा शब्द मुलासाठी सोडायचा. जिना चढताना “एक, दोन…” म्हणून थांबा. पदराआडून भॉक् करताना पदर तसाच धरून थांबा. चेंडू हातात घेऊन “एक, दोन, आणि…” म्हणा आणि सोडू नका. बोटं मोजत गुदगुल्या करायचे, टाळ्यांचे जे खेळ तुमच्या आजीनं तुमच्याशी खेळले असतील ते सगळे इथं कामाला येतात, कारण त्या प्रत्येकात एक ठरलेली जागा थांबायची असते.

मुलाला मागायची गरज पडेल अशी थोडी व्यवस्था करा. चुरमुऱ्याचा डबा दिसेल पण उघडणार नाही असा द्या. दूध अर्धा कपच ओता. दोन्ही हातांत वस्तू धरून विचारा, “केळं का चिकू?” पण याची हद्द सांभाळा. ‘दे म्हण, मग देतो’ असं रोखून धरू नका. दोनदा थांबून बघा, नाही आलं तर तुम्हीच म्हणा, “दे. चिकू दे,” आणि देऊन टाका. भुकेल्या पोराला शब्दासाठी ताटकळत ठेवलं तर ते शब्द शिकत नाही, तुमच्यावर रुसायला शिकतं. आमच्या घरी हे दोन दिवस झालं आणि मी ते बंद केलं.

चौथी पायरी: काय बोलायचं

प्रश्न कमी करा. ‘हे काय? तो कोण? काकांना सांग, पोपट कुठाय?’ ही परीक्षा आहे, आणि तीही पाहुण्यांसमोर. ज्याला बोलायला आधीच अवघड जातंय ते पोर अशा वेळी तोंड मिटून घेतं. प्रश्नाच्या जागी जे दिसतंय ते सांगा. ‘हे काय आहे?’च्या ऐवजी “अगं, पोपट! पोपट उडाला.”

वाक्य लहान ठेवा, पण मोडू नका. ‘बाळ दूध पी’ किंवा ‘आई जा बाजार’ असं तोडून बोललं तर सोपं जातं असा समज आहे. पण मराठीत सगळं काम शब्दाच्या शेपटीत असतं. भात खाल्ला, भाकरी खाल्ली, केळं खाल्लं. पाणी, पाण्यात, पाण्यातनं. या शेपट्या मुलाच्या कानावर पडल्या नाहीत तर ते जोडणार कुठून? तीन-चार शब्दांचं पण धडधाकट वाक्य बोला. “बादलीत पाणी ओतलं.” बास.

मूल जे म्हणेल त्याला एक शब्द जोडून परत द्या. ‘म्ह’ म्हटलं की “म्हस! म्हस आली.” ‘म्हस आली’ म्हणायला लागलं की “काळी म्हस आली.” त्याच्यापेक्षा एक पायरी वर, चार पायऱ्या नाही. उच्चार चुकला तर ‘नीट म्हण’ म्हणू नका. ते ‘लिक्शा’ म्हणालं तर तुम्ही “हो, रिक्षा आली” म्हणा. बरोबर शब्द कानावर पडला, बोलण्याची गाडीही थांबली नाही.

आणि नुसती नावं शिकवत बसू नका. फळांचे, प्राण्यांचे, रंगांचे तक्ते भिंतीवर असतात, पोरं पंधरा प्राणी ओळखतात आणि तरी दोन शब्द जोडत नाहीत, कारण त्यांच्याजवळ क्रियापदच नसतं. दे, ये, घे, उघड, टाक, बस, संपलं, पडलं, अजून, नको. हे दहा शब्द तक्त्यावर नसतात, पण दिवसभर लागतात. रंग आणि आकडे मागाहून आले तरी काही बिघडत नाही.

वही घातल्यानंतर चौथ्या महिन्यात आबा तिला घेऊन कट्ट्यावर जरा लवकर पोचले. अजून म्हशी आल्या नव्हत्या. आबा सवयीनं “म्हस बघ” म्हणणार होते, पण तोवर घरच्या सगळ्यांबरोबर तेही थांबायला शिकले होते. ते गप्प उभे राहिले. तिनं मोकळ्या जागेकडं बघितलं, आबांकडं बघितलं आणि म्हणाली, “म्हस न्हाई.” तिची पहिली जोडी. घरी येऊन त्यांनी स्वतःच्या हातानं वहीत लिहिली.

कामाच्या ओघात

वेगळा ‘स्पीचचा तास’ काढायला बहुतेक घरांत वेळ नसतो, आणि लागतही नाही. जे रोज त्याच क्रमानं होतं त्यात शब्द सहज बसतात. आंघोळ घ्या. पाणी ओत, साबण लाव, घास, डोळे मिट, पूस. रोज हेच शब्द, याच क्रमानं, आणि पंधराएक दिवसांनी एखाद्या जागी थांबा. कपडे घालताना बाही आली, डोकं अडकलं, निघालं. कपिलतीर्थ मंडईत जाताना पिशवी मुलाच्या हातात द्या आणि भाजी त्यालाच टाकू द्या. “टोमॅटो टाक. अजून टाक. संपले.” गर्दीच्या वेळी मात्र फारशी अपेक्षा ठेवू नका. गोंगाटातनं एक आवाज वेगळा काढणं मोठ्यांना जमतं, लहानांना जड जातं. रंकाळ्यावरही संध्याकाळी भेळेच्या गाड्यांपाशी बोलण्यापेक्षा सकाळी कठड्याजवळ बसून पाण्यात खडे टाकत बसा. ‘डुबुक’ हा फार चांगला पहिला शब्द आहे.

बाळाच्या भाषेबद्दल काही जण ओरडतात. मम्म, गाई, बाऊ, भुर्र हे शब्द वापरले तर मूल बोबडंच राहील म्हणतात. नाही राहत. असे शब्द तोंडाला सोपे, आवाजाला गोड आणि पुन्हा पुन्हा येणारे असतात, म्हणून तर ते मुलांना आधी जमतात. “भुर्र जायचं? चल, फिरायला जाऊ,” असं दोन्ही एका दमात म्हणा. मोठा शब्द आला की लहान शब्द आपोआप गळतो.

पुस्तकासाठी खर्च नको. आम्ही घरातल्या माणसांचे, दारातल्या मांजराचे, केएमटी बसचे, दूध कट्ट्यावरच्या म्हशीचे फोटो काढून छापून घेतले आणि जाड पुठ्ठ्याला चिकटवले. रोज तेच चाळायचं. मोठ्यांना कंटाळा येतो, मुलाला येत नाही. पन्नासाव्यांदा तेच पान बघताना पुढचं पान काय आहे ते त्याला ठाऊक असतं, आणि ठाऊक असलेल्या जागीच त्याला बोलायचं धाडस होतं.

कुठली भाषा?

माझं माहेर निपाणीकडचं. माझी आई धाकटीशी कानडी बोलते, सासरी मराठी, गल्लीतली पोरं हिंदी. कुणीतरी सांगितलं, ‘एकच भाषा ठेवा, गोंधळ होतोय.’ आईनं घाबरून नातीशी बोलणंच कमी केलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण ते चुकीचं होतं. दोन किंवा तीन भाषा ऐकल्यानं बोलायला उशीर होत नाही. उशीर असेल तर तो सगळ्या भाषांत दिसतो, आणि एक भाषा काढून घेतल्यानं तो भरून येत नाही. ज्याला जी भाषा मनापासून येते त्यानं ती बोलावी. इंग्रजी शाळेत घालायचंय म्हणून आईनं स्वतःला न येणाऱ्या इंग्रजीत ‘कम, वॉटर पी’ म्हणायची काही गरज नाही. त्या तुटक वाक्यात सांगण्यासारखं काय उरतं? गोष्ट नाही, लाड नाही, रागावणं नाही. घरची भाषा पक्की झालेलं मूल शाळेची भाषा पुढं शिकतं.

हेच आपल्या बोलीबद्दल. ‘म्हैस’ म्हण, ‘म्हस’ नको. ‘काय करतेस’ म्हण, ‘काय करायलाईस’ नको. पुण्याचे पाहुणे आले की आमच्या मुली ‘मी आलो’ म्हणतात याला हसतात. कोल्हापुरात बायका असंच बोलतात, मीही बोलते, आणि माझ्या मुलीनं माझ्यासारखंच बोलायला शिकावं यात मला कमीपणा वाटत नाही. दोन वर्षांच्या पोराच्या तोंडातला शब्द बोलीतला आहे म्हणून दुरुस्त केला तर त्याला एवढंच कळतं की आपलं काहीतरी चुकलं.

मोबाईल

इथं मी गोड बोलणार नाही. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सचा सल्ला असा की दोन वर्षांच्या आत स्क्रीन अजिबात नको, फक्त नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालतो. दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही कमीत कमी ठेवायचा आणि मोठं माणूस शेजारी बसून. कारण साधं आहे. मोबाईल थांबत नाही. मूल ‘म्ह’ म्हणालं तर पडद्यावरची म्हस वळून बघत नाही. एबीसीडी आणि आकडे पाठ म्हणणारी, पण पाणी मागता न येणारी मुलं त्यातूनच होतात. मागं चालू राहणारा टीव्हीही मोजा, कारण तो सुरू असला की घरातली मोठी माणसं मुलाशी कमी बोलतात.

काढायचा तर आधी जेवणातून काढा. जेवताना मूल दिवसातून चार वेळा तुमच्या समोर बसतं, ही बोलण्याची सगळ्यात भरवशाची वेळ मोबाईलनं खाल्लेली असते. पहिले दोन-चार दिवस रडारड होते, जेवणही कमी होतं. तेवढं सोसा. हातात चमचा आणि रिकामी वाटी द्या, थोडं सांडू दे.

छोट्या शंका

जीभ जड आहे म्हणून वेखंड उगाळून मधातून चाटवतात. मध एक वर्षाच्या आत बिलकुल नको, त्यातून गंभीर विषबाधेचा धोका असतो. त्यानंतरही वेखंडानं शब्द येत नाहीत. जिभेखालचा पडदा आखूड असला तर दूध ओढताना किंवा काही उच्चारांना अडचण येऊ शकते, पण मूल बोलतच नाही याचं कारण सहसा तो नसतो. नुसता कापून आणला आणि बोलणं सुरू झालं, अशी आशा धरू नका.

र, ळ, ण, श हे आवाज उशिरा येतात. तीन वर्षांचं मूल रंकाळ्याला ‘लंकाला’ म्हणत असेल तर त्यात काळजीचं काही नाही.

अडीच-तीन वर्षांना बोलणं भराभर वाढतं तेव्हा काही मुलं ‘मी मी मी पण येणार’ अशी अडखळतात. ‘हळू बोल’, ‘श्वास घे’ असं काही सांगू नका. स्वतः सावकाश बोला आणि त्याचं वाक्य पुरं होऊ द्या. बहुतेकांचं जातं. सहा महिन्यांहून जास्त टिकलं, घरात कुणी अडखळत बोलणारं असलं, किंवा बोलताना डोळे मिटणं, तोंड ताणणं दिसलं, तर थेरपिस्टला दाखवा.

कुठं जायचं

तुमच्या बालरोगतज्ज्ञांपासून सुरुवात करा आणि कानाच्या तपासणीची चिठ्ठी मागून घ्या. ‘थांबा’ म्हणाले तर कधीपर्यंत थांबायचं ते महिन्यात विचारा. सरकारी वाट हवी असेल तर कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात आणि बालरोग विभागात विचारा. गावाकडं असाल तर अंगणवाडी गाठा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं, विकासातला उशीर आणि ऐकू न येणं त्या तपासणीत धरलेलं आहे, आणि पुढच्या उपचारांसाठी चिठ्ठी मिळते. सेविकेला आधी सांगून ठेवा, म्हणजे त्या दिवशी मूल नक्की हजर राहील. मोठ्या केंद्राची गरज पडली तर मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची वाचा आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे.

खाजगी थेरपिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते विचारा. विचारण्यात संकोच वाटायचं कारण नाही. आणि तुम्हाला बाहेर बसवून मुलाला एकट्याला आत नेणाऱ्यापेक्षा, तुम्हाला शेजारी बसवून काय करायचं ते दाखवणारा बरा. आठवड्यातला एक तास त्यांचा, बाकीचा आठवडा तुमचा असतो.

जाताना वही न्या. लसीकरणाचं कार्ड आणि कानाचे जुने कागद न्या. घरी खेळताना मुलाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून न्या, कारण नव्या खोलीत ते एक शब्द काढेलच असं नाही. मूल झोपेला आलेलं नसेल अशी वेळ मागा, बेरासाठी मात्र झोपेचीच वेळ मागा आणि त्या दिवशी दुपारपर्यंत त्याला गाडीत झोपू देऊ नका. पावसाळ्यातली सर्दी ओसरली की कान पुन्हा एकदा तपासून घ्यायचे, ही तारीख मी वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवते.